स्टूल कशासाठी होतं

चेनवाल्या काकूंना उघडं काही बघवत नसे. रस्त्याच्या कडेचा नळ थेंब थेंब गळत असला की जाता जाता आवळायच्या, कोणाचंही फाटक सताड दिसलं की कडी लावायच्या, आणि बसमध्ये पुढे उभ्या असलेल्या बाईच्या पिशवीची चेन अर्धवट असली की "अहो, पिशवी उघडी आहे तुमची," असं सांगून मोकळ्या व्हायच्या. ती बाई तोंड वाकडं करायची, पण त्याचं काकूंना काही नसायचं. एकदा कोणा अनोळखी माणसाच्या गाडीचं दार नीट लागलेलं नव्हतं. काकूंनी ते उघडून पुन्हा दाणकन लावलं, तर आत डुलकी घेत असलेला मालक दचकून उठला आणि भर रस्त्यात त्यांच्यावर केवढ्यांदा तरी ओरडला. घरी येऊन त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. नवरा बस डेपोतून निवृत्त झालेला, जेवढ्यास तेवढं बोलणारा. तो म्हणाला, "लोकांच्या चेनी लोकांना लावू दे गं."

पण लोकांच्या चेनी लावणं हाच काकूंचा धंदा होता, त्याला कोण काय करणार! त्यांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत एवढी. आत शिलाई मशीन, मशीनपुढे त्यांची स्वतःची बैठक, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या पिशव्या, जाकिटं, पँटी, आणि एका खणात रनरांचा ढीग. लोक यायचे आणि चेन गेली म्हणून रडगाणं गायचे. बहुतेक वेळा चेन धडधाकट असायची, रनर तेवढा सैल झालेला असायचा. काकू पकडीने तो किंचित दाबायच्या, दातांवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवायच्या आणि चेन सर्रकन वरखाली करून दाखवायच्या. गिऱ्हाईक खूश. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची, त्यांच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा.

दुकानासमोरच्या फुटपाथवर पाण्याच्या मीटरचा खड्डा होता आणि त्याच्यावरच्या फरशीचा कोपरा तुटलेला होता. पाय घातला तर गुडघ्यापर्यंत आत जाईल एवढी फट. आता उघडं बघवत नाही त्या बाईच्या डोळ्यांसमोर दिवसभर हे उघडं भोक! काकूंनी नगरपालिकेत जाऊन सांगितलं आणि माणूस येईपर्यंत म्हणून घरातलं एक जुनं स्टूल आणून त्यावर ठेवलं. स्टूल बसायच्या लायकीचं नव्हतंच. एक पाय आखूड, कोणी टेकलं की डुगडुगायचं. लोकांना लांबून दिसावं म्हणून काकूंनी त्याला लाल चिंधी बांधली. पुष्कळ दिवसांनी नगरपालिकेचा माणूस आला, खड्ड्याकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं आणि म्हणाला, "स्टूल आहे ना? मग ठीक आहे." तो गेला तो गेलाच. स्टूल मात्र तिथंच मुक्कामाला राहिलं. रात्रीसुद्धा आत घ्यायची गरज नव्हती. असलं लंगडं लाकूड चोरून नेणार कोण?

त्या रस्त्याने रोज सकाळी घड्याळवाले आजोबा बेकरीत जायचे. जन्मभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. म्हातारपणी डोळ्यांनी दगा दिला, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पण मुलीने सोबत येते म्हटलं तर ऐकायचे नाहीत. काठी आपटत एकटे जायचे आणि पावाची लादी घेऊन परत यायचे. काकूंच्या दुकानासमोर आले की काठी स्टुलाला लागायची. स्टूल आखूड पायावर कलंडून पुन्हा मागे यायचं, त्यामुळे एकदा नाही, दोनदा वाजायचं. टक-टक. मग आजोबा वळसा घालून पुढे जायचे आणि जाता जाता म्हणायचे, "काकू, स्टूल जागेवर आहे. आभारी आहे हं!" काकू आतून म्हणायच्या, "आभार कसले त्यात?" इतकी वर्षं रोज हेच संभाषण. दोघांनाही त्याचा कंटाळा आला नव्हता.

ज्या दिवशी घोटाळा झाला त्या दिवशी काकूंची नणंद दुकानात आली. तिचा पाय मुरगळलेला, हातात प्रवासाची बॅग, आणि बॅगेची चेन आत्ताच्या आत्ता हवी. नणंदबाईंचं सगळंच आत्ताच्या आत्ता असायचं.

"वहिनी, मला काय उभं ठेवणार आहेस? पाय बघ माझा, भोपळा झालाय!"

"ताई, माझ्या बैठकीवर बसा."

"आणि मग तू मशीन उभ्याने चालवणार वाटतं?"

काकूंनी इकडे तिकडे बघितलं. दुसरं काही नव्हतं. त्या बाहेर गेल्या आणि स्टूल उचलून आत घेऊन आल्या. पाच मिनिटांचं तर काम होतं.

नणंदबाई बसल्या आणि किंचाळल्या, "अगं, हे मला पाडणार!" काकू लगबगीने खाली गुडघ्यांवर बसल्या आणि जीनच्या कापडाचा एक तुकडा घडी घालून आखूड पायाखाली सारू लागल्या. घडी जाड झाली, मग पातळ झाली. तेवढ्यात बाहेर काठीचा आवाज आला. काकूंच्या कानांना तो इतका सवयीचा होता की तो ऐकू आल्याचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते टक-टक झालं नाही हे. त्यांनी मान वर केली आणि बाहेर धप्पकन आवाज झाला. पावाची लादी घसरत उंबरठ्यापर्यंत आली.

आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं.

काकू दवाखान्यात गेल्या. आजोबांना गुंगीचं औषध दिलेलं होतं. त्यांची मुलगी बाहेर बाकावर बसली होती. "स्टूल मी आत घेतलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. मुलीने त्यांच्याकडे बघितलं आणि ती म्हणाली, "हो, कळलं मला." ती रागावली असती तर बरं झालं असतं. काकू घरी आल्या आणि न जेवता झोपल्या.

मुलीने नगरपालिकेवर नुकसानभरपाईचा दावा लावला. ते बरोबरच होतं. खड्डा नगरपालिकेचा. पण नगरपालिकेच्या वकिलाचं डोकं भलतंच सुपीक. तो म्हणाला, खड्डा आमचा हे मान्य, पण या बाई वर्षानुवर्षं तो झाकत होत्या, त्यामुळे कोणी पडलं नाही आणि आमच्यापर्यंत तक्रार आली नाही. येणारेजाणारे त्या स्टुलावर विसंबून होते. ते स्टूल बाईंनी न सांगता सवरता काढलं. म्हणजे निष्काळजीपणा बाईंचा, त्यांनाही दाव्यात घ्या. काकूंनी जाऊन केलेली तक्रार त्यांच्या कुठल्याच वहीत नव्हती, आणि काकूंना दाव्यात घेतलं की हो!

नणंदेचा मुलगा वकील होता. नुकतीच सनद मिळालेली, पण मुलगा हुशार आणि मामीवर जीव टाकणारा. तो संध्याकाळी घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून समजावू लागला.

"मामी, कायद्याचं असं आहे. तळ्यात एखादा माणूस बुडतोय. तू काठावर उभी आहेस, तुला पोहता येतं. तू नुसती बघत उभी राहिलीस, तरी कायदा तुला काही करत नाही. तो तुझा कोणी नाही."

"बघत कशी उभी राहीन मी?"

"राहिलीस असं समज. पण तू पाण्यात उडी मारलीस, त्याला धरलंस, लोकांना वाटलं आता ही काढतेय, म्हणून बाकीचे थांबले, आणि तू मध्येच त्याला सोडून परत आलीस. तर मात्र कायदा तुला धरतो."

काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. "म्हणजे काठावर उभा राहिला तो शहाणा?"

"शहाणा नाही गं. सुटला, एवढंच."

"आणि मी जर स्टूल ठेवलंच नसतं?"

"तर तुझं नावही कोणी काढलं नसतं."

"म्हणजे ते पहिल्याच वर्षी पडले असते आणि मी चांगली ठरले असते?"

भाचा हसला. मग तो मुद्द्यावर आला. काकू दोषी ठरल्या तर दुकान विकल्याशिवाय निभाव लागणार नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलं. त्यातून वाट एकच होती. स्टूल लोकांसाठी ठेवलेलं नव्हतंच असं म्हणायचं. ते काकूंचं स्वतःचं, बसायचं स्टूल. खड्ड्यावर असायचं हा योगायोग. आपलं स्टूल आपण कधीही आत घेऊ शकतो. "एकच शब्द बोलायचा, मामी. कशासाठी होतं विचारलं की 'बसायला'."

"पण ते बसायला नव्हतं रे."

"याच्या आईला त्या दिवशी कशाला दिलं होतंस?" नवरा कोपऱ्यातून म्हणाला. "बसायलाच ना?"

त्या रात्री काकूंनी नवऱ्याला विचारलं, "खरं सांगा, मी पाडलं का त्यांना?"

"खड्ड्याने पाडलं."

"आणि स्टूल?"

"स्टूल तू उचललंस."

"मग?"

"मग मला नाही कळत," नवरा म्हणाला. आयुष्यभर बसचे ब्रेक तपासून "ठीक" किंवा "बाद" एवढंच लिहिलेला माणूस. असं तो सहसा म्हणत नसे.

तेव्हापासून काकूंचं काहीतरी बिनसलं. नळ गळताना दिसला की हात पुढे जायचा आणि थांबायचा. आज आवळला तर उद्याही आवळावा लागेल का? बसमध्ये एका पोरीची पिशवी सताड उघडी होती, पाकीट डोकावत होतं. काकूंच्या ओठांवर आलं, पण सांगितलं आणि उद्या ती याच बसमध्ये आपल्या भरवशावर राहिली तर? हा विचार वेड्यासारखा आहे हे त्यांना कळत होतं, तरी तो जात नव्हता. पोरगी उतरून गेली. त्या पाकिटाचं काय झालं असेल याचा त्यांनी दिवसभर घोर केला आणि एका जाकिटाला उलटी चेन लावून ठेवली. स्टूल दुकानात कोपऱ्यात पडून होतं. नगरपालिकेने खड्ड्यावर पत्रा टाकला होता, दावा लागल्यावर बरा सुचला त्यांना.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाची खोली कोंदट होती. पंखा होता, पण त्याचा वारा फक्त न्यायाधीशबाईंच्या कागदांना लागत होता. आजोबांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. त्यांनी आधी साक्ष दिली. स्टूल असायचं, काठी लागायची, मी वळायचो, त्या दिवशी लागली नाही. ते कशासाठी ठेवलं होतं असं वाटतं, असं नगरपालिकेच्या वकिलाने विचारताच भाचा ताडकन उठला. दुसऱ्याच्या मनात काय होतं हे यांना कसं ठाऊक असणार? न्यायाधीशबाई म्हणाल्या, बरोबर आहे, उत्तर देऊ नका. आजोबांनी उघडलेलं तोंड मिटलं.

मग काकूंची पाळी. भाच्याने सरळ विचारलं, "स्टूल कशासाठी होतं?"

काकूंना दुकान दिसलं. मशीन दिसलं. खणातले रनर दिसले.

"बसायला," त्या म्हणाल्या.

आजोबांनी आवाजाच्या दिशेने मान वर केली.

नगरपालिकेचा वकील उलटतपासणीला उठला. त्याच्या काळ्या बॅगेची चेन बिघडलेली होती, दोन्ही बाजूंचे दात एकमेकांना सोडून बसले होते आणि आतले कागद बाहेर आले होते. काकूंचं सगळं लक्ष तिकडे. रनर दाबला की झालं, मिनिटाचं काम.

"कोण बसायचं त्यावर?"

"मीच. दुपारची. जरा हवा खायला."

"मग लाल चिंधी कशाला बांधली होती?"

"शोभेला."

खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं. काकूंचे कान तापले. एक खोटं बोलायला आलेल्या बाईला इथं खोट्यांची माळच ओवावी लागत होती. त्यांनी आजोबांकडे बघायचं टाळलं. ज्यांना दिसत नाही त्यांच्याकडे बघायची एवढी लाज का वाटावी, तेही त्यांना उमजेना. त्या दिवसाचं कामकाज संपल्यावर त्या जिना उतरू लागल्या तेव्हा वकिलाच्या बॅगेतले कागद जिन्यावर सांडले होते आणि तो ओणवा होऊन गोळा करत होता. काकू अर्ध्या वाकल्या, मग सरळ झाल्या आणि बाजूने निघून गेल्या. असं त्या जन्मात वागल्या नव्हत्या.

निकाल लागला. सगळी जबाबदारी नगरपालिकेची. काकूंबद्दल न्यायाधीशबाईंनी एवढंच वाचलं की, या बाईंनी रस्त्यावरच्या लोकांची कोणतीही काळजी अंगावर घेतलेली नव्हती, सबब त्यांचं या गृहस्थांप्रती कोणतंही कर्तव्य नव्हतं. नणंदबाईंनी तिथंच काकूंना मिठी मारली. भाच्याचा चेहरा फुलला होता, पहिलाच खटला जिंकला होता त्याने. नवऱ्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. सगळे आनंदात होते आणि काकूंना मात्र ते वाक्य सोडत नव्हतं. कोणतीही काळजी नाही. हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं आणि कोर्टाने ते मान्य केलं होतं. आता तक्रार करायची ती कोणाकडे?

बाहेरच्या व्हरांड्यात मुलगी आजोबांची खुर्ची ढकलत जवळून गेली. आजोबांनी हात वर करून तिला थांबवलं.

"काकू आहेत का इथं? बसायचं होतं होय ते! मी आपला उगाच इतकी वर्षं आभार मानत राहिलो."

ते हसून म्हणाले की मनाला लागून म्हणाले, काकूंना कळलं नाही. त्यांनी आवाज पुन्हा पुन्हा आठवून बघितला, घरी जाताना, मशीनवर बसल्यावर, भाजी निवडताना. कधी तो थट्टेचा वाटायचा, कधी नाही. त्यांनी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मला हसल्यासारखे वाटले." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर म्हणाला, "आता तू विचारतेस म्हटल्यावर, नसतीलही हसले."

खड्ड्यावर नवी कोरी फरशी आली. थंडी आली आणि गेली. मग एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी काठीचा आवाज आला. काकूंचा मशीनवरचा पाय थांबला. आजोबा एकटेच होते, चाल मंद झाली होती, एक पाय ओढत होते. काखेत पावाची लादी होती. दुकानासमोर आल्यावर ते थांबले. काठी डावीकडे फिरली, उजवीकडे फिरली. कशालाच लागली नाही.

"काकू," ते म्हणाले, "स्टूल कुठाय?"

"आजोबा, खड्डा बुजवला. नवी फरशी घातलीय. आता सरळ या, काही भीती नाही."

"फरशी पायाला कळली. पण मी दुकानाशी आलो हे मला कळणार कसं?"

काकूंनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं, बाहेर नेलं आणि जुन्या जागी ठेवलं. आजोबांनी काठी पुढे केली. टक-टक. त्यांचा चेहरा सैल झाला. मग त्यांनी हाताने चाचपून स्टुलाची कड धरली.

"तुमच्या कोर्टात ऐकलं की हे बसायला आहे. पाय भरून आलेत माझे. बसतो जरा."

"नको नको!" काकू ओरडल्याच. आजोबांचा हात स्टुलावर होता, अंगाचा भार त्यावर यायला लागला होता. "आजोबा, बसू नका, पडाल! ते बसायचं नाहीये. ते कधीच बसायचं नव्हतं."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. गल्लीत दोघं-तिघं होते. त्यांनी ऐकलं असेल तर ऐकलं.

"ठाऊक आहे मला," आजोबा म्हणाले. "एक पाय आखूड आहे याचा. इतकी वर्षं काठीला दुसरं काय ऐकू येत होतं? तिथंही सांगणार होतो, पण उत्तर देऊ नका म्हणाल्या बाई. बरं झालं नाही दिलं."

"मग व्हरांड्यात असं का बोललात?" काकूंचा आवाज फाटला. "किती दिवस मी…"

"राग आला होता," आजोबा शांतपणे म्हणाले. "खोटं बोललात म्हणून नाही. दुकान होतं तुमचं, बोलायलाच हवं होतं. ती चिंधी शोभेला म्हणालात ना, त्याचा आला."

काकू उभ्या जागी रडायला लागल्या. आजोबांनी काखेतली लादी सावरली.

"आता धरता का नीट? खरंच पाय दुखतायत."

काकू फुटपाथवर गुडघ्यांवर बसल्या आणि आखूड पाय दोन्ही हातांनी धरून किंचित वर उचलला. आजोबा हळूहळू टेकले. स्टूल हललं नाही. त्यांनी लादीचा कागद सोडला, एक पाव तोडला आणि सावकाश खायला लागले. त्यांना काही घाई दिसत नव्हती. एक बाई हातात बॅग घेऊन आली. "काकू, चेन अडकलीय हो." काकू म्हणाल्या, "थांबा." ती थांबली, मग कंटाळून दुकानाच्या पायरीवर बसली. काकूंचे गुडघे दुखू लागले, हातांना रग लागली. आजोबांना उठा म्हणावं का, आणि ते उठेपर्यंत धरून राहायला आपण बांधील आहोत की नाही, भाच्याला विचारलं तर तो काय म्हणेल, काही केल्या कळेना. जीनच्या कापडाची ती घडी मशीनच्या पायाशी अजून तशीच पडली होती, हात लांब केला की मिळेल एवढ्यावर. पण ती घ्यायची म्हणजे स्टूल सोडावं लागलं असतं.